फोटोची कच्ची प्रत

फोटोग्राफर कळ दाबतो तो काळ एका निमिषाचा. परंतु त्याच्या धंद्यांतील खरा कसोटीचा प्रसंग त्यानंतर चार-आठ दिवसांनीं येतो. ज्याचा फोटो काढला त्याच्यापुढें नमुन्याच्या प्रती मांडावयाच्या आणि "यांतली कोणती पक्की करूं?" असें विचारावयाचें, हा तो प्रसंग होय. या प्रतींस धंद्यांत 'प्रूफ' म्हणतात. छापखान्यांतही शब्द प्रूफ हाच, आणि घोटाळ्यास सुरुवात तेथूनच होते. छापखान्याचें प्रूफ चुका दुरुस्त करण्यासाठीं असतें. काना तुटला, अनुस्वार उडाला, तर समासांत खूण करून परत पाठवावें. तें सुधारून येतें. फोटोचें प्रूफ असतें निवडीसाठीं. पण गिऱ्हाईक तें हातीं घेतें तें छापखान्याच्याच बुद्धीनें. "नाक जरा सरळ करा," "हनुवटीखालचें तेवढें काढून टाका," "दहा वर्षांपूर्वीं आम्ही असे दिसत नव्हतों." ब्रह्मदेवाच्या छापखान्यांतून बाहेर पडलेला मजकूर दुरुस्त करण्याचा अधिकार फोटोग्राफरास आहे, अशी पुष्कळांची समजूत दिसते.

या विषयावर आम्ही लिहावयास बसलों हें पाहून वाचकांस नवल वाटेल. आमचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें, पुढें संस्कृताचें. आयुष्य गेलें रसायनीस मुलांकडून 'राम' शब्द चालवून घेण्यांत. कॅमेरा आम्हीं कधीं हातीं धरला नाहीं. परंतु आमचा एक जुना विद्यार्थी येथें मोहोपाड्याच्या बाजारांत फोटोचें दुकान चालवितो, आणि निवृत्तीनंतर सायंकाळीं फिरून परततांना त्याच्या बाकावर घटकाभर टेकण्याचा आमचा परिपाठ आहे. तो आम्हांस 'सर' म्हणतो. 'गुरुजी' म्हटलेलें आम्हांस अधिक आवडलें असतें, पण तो भाग निराळा. त्या बाकावरून फोटो काढवून घेणारीं माणसें दिसत नाहींत, तीं आंत पडद्यापलीकडे असतात. दिसतात तीं प्रती पाहावयास आलेलीं माणसें. पाहतांना त्यांच्या मुद्रा कशा पालटतात हें आम्ही कित्येक वर्षें पाहत आलों आहों.

रसायनी हें नांव पुराणांतलें नव्हे. पाताळगंगेच्या कांठीं रसायनांचे कारखाने उभे राहिले आणि त्यांनींच या भागास नांव दिलें. आयुर्वेदांत रसायन म्हणजे जरा आणि व्याधि यांना दूर ठेवणारें औषध. येथील रसायन निराळें, पण त्यावर अनेक संसार उभे राहिले हें खरें. हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी १९६० सालीं स्थापन झाली. आणि योगायोग असा कीं, देशांतच फोटोची फिल्म व कागद तयार व्हावा म्हणून उटकमंडास हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही दुसरी सरकारी कंपनी निघाली तीही १९६० सालींच. तिच्या मालाचें नांव 'इंदु'. फोटोच्या कागदास चंद्राचें नांव देणारा मनुष्य कोण होता कोण जाणे, पण त्याचें संस्कृत चांगलें असलें पाहिजे. आमच्या विद्यार्थ्याच्या दुकानांत 'इंदु' कागदाचा एक रिकामा खोका अद्याप आहे. त्यांत तो खिळे ठेवतो.

दुकान मूळ त्याच्या चुलत्याचें. चुलत्यानें पेणेस एका वृद्ध फोटोग्राफराकडे उमेदवारी केली होती, आणि कच्च्या प्रतीचा जो जुना प्रकार होता त्याची हकीकत त्या घराण्यांतून आमच्यापर्यंत आली. ती मोठी मौजेची आहे. त्या काळीं प्रूफ ज्या कागदावर काढीत तो कागद उन्हांत आपोआप रंगणारा असे. निगेटिव्हची काच आणि हा कागद एका लांकडी चौकटींत एकमेकांवर दाबून चौकट उन्हांत ठेवावयाची. औषधांत बुडविण्याची गरज नाहीं. घटकाभरांत तांबूस-जांभळ्या रंगाचें चित्र डोळ्यांदेखत उमटत येई. पुढें त्यास सोन्याच्या क्षाराचें पाणी देऊन हायपोंत बुडविलें म्हणजे तें पक्कें होई. चांदीचे क्षार या हायपोंत विरघळतात हें जॉन हर्शेल या ज्योतिर्विदानें १८१९ सालीं दाखविलें होतें, आणि १८३९ सालीं फोटोचा शोध जगजाहीर झाला तेव्हां चित्र टिकविण्याचा उपाय म्हणून तेंच द्रव्य उपयोगास आलें.

आतां खुबी पाहा. गिऱ्हाइकास दाखवावयाच्या प्रतीस फोटोग्राफर हायपो देतच नसे. कागदावर न रंगलेले चांदीचे क्षार तसेच शिल्लक. उजेड लागला कीं तेही रंगूं लागावयाचे. त्यामुळें ती प्रत घरीं न्यावी, कंदिलाच्या मंद उजेडांत मंडळींनीं पाहावी, आणि दिवसा पुस्तकाच्या पानांत दडवून ठेवावी. जो कोणी पैसे बुडवून ती प्रतच भिंतीस लावी, त्याचे पूज्य तीर्थरूप आठवड्याभरांत काळ्याकभिन्न अंधारांत अंतर्धान पावत. उधारीची वसुली परस्पर सूर्यनारायणच करी! कोर्ट नाहीं, वकील नाहीं, तोंडानें एक कठोर शब्द नाहीं. धंद्याचें रक्षण करणारी इतकी सभ्य युक्ति आम्हांस दुसरी ठाऊक नाहीं.

हा धंदा आपल्याकडे तसा जुनाच. मुंबईस फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीं निघाली, आणि पुढच्याच वर्षीं एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें फोटोग्राफीचा वर्गही उघडला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण हे त्या आरंभींच्या काळांतले आपले छायाचित्रकार. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वीं गोध्र्यास फोटोचाच धंदा करीत. कॅमेरा माणसाचें आयुष्य शोषून घेतो या भीतीनें त्या काळीं लोक त्याच्यापुढें बसावयास कचरत. हल्लीं ती भीति पार गेली. भीति उरली आहे ती प्रत पाहण्याची.

वस्तुतः प्रत पाहणाऱ्याचा असंतोष हा फोटोहून फार जुना आहे. कालिदासाचा अग्निमित्र मालविकेस प्रथम चित्रांत पाहतो, आणि तिची कांति खरोखर इतकी असेल काय अशी शंका मनांत बाळगतो. पुढें ती प्रत्यक्ष समोर आली तेव्हां त्यास वाटतें कीं, कमी पडला तो चित्रकारच. काढतांना त्याची एकाग्रता ढळली असावी. शाकुंतलाच्या सहाव्या अंकांत तर चित्रकार आणि गिऱ्हाईक दोन्ही दुष्यंतच. स्वहस्तें काढलेलें शकुंतलेचें चित्र तो पुढें घेऊन बसतो. विदूषक तोंडभर स्तुति करतो. पण राजाची यादी संपत नाहीं. मालिनी नदी राहिली, तिच्या वाळूंतलीं हंसांचीं जोडपीं राहिलीं, कानावरचें शिरीषाचें फूल राहिलें. वर्गांत हा अंक शिकवितांना मुलें हंसत. आम्हींही त्यांस हंसूं दिलें. परंतु त्या राजास चित्रांतली उणीव खुपत नाहीं, चित्राबाहेरची खुपते, हें कळावयास वय जावें लागतें.

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या मातोश्रींचें सहस्रचंद्रदर्शन झालें. पुण्याचे बंधु, डोंबिवलीच्या भगिनी, भाचरें, नातवंडें मिळून तेवीस माणसें घरांत होतीं. फोटो काढण्याचें काम अर्थातच आमच्या विद्यार्थ्याकडे. सामुदायिक फोटोंचें कांहीं विशेष नाहीं; तेवीस माणसांत दोघांचे डोळे मिटलेले असावयाचेच. प्रश्न होता तो एकट्या मातोश्रींच्या फोटोचा. तो कशासाठीं काढावयाचा हें सर्वांस ठाऊक होतें, आणि कोणी बोलत नव्हतें. वडिलांचा फोटो माजघरांत ज्या खिळ्यावर आहे त्याच्या शेजारीं दुसरा खिळा बंधूंनीं परस्पर ठोकूनही ठेवला होता. त्यावर तूर्त कालनिर्णय लटकत असे.

आठव्या दिवशीं विद्यार्थी प्रती घेऊन आला. त्यानें त्या मोबाइलवर पाठविल्या नाहींत. त्याचा हा नियमच आहे. कांचेवर बोटानें सरकवीत पाहिलेला फोटो मनुष्य पाहत नाहीं, चाळतो, असें त्याचें म्हणणें. अकरा प्रती, पोस्टकार्डाएवढ्या, कागदावर काढलेल्या; पाठीवर पेन्सिलीनें क्रमांक. त्याचा दुसरा नियम असा कीं, ज्याचा फोटो त्यास एकट्यास प्रथम दाखवावयाचा, मग घरच्यांस. आणि दाखवितांना आपण एक अक्षर बोलावयाचें नाहीं. परंतु बारशापासून बाराव्यापर्यंत प्रत्येक गोष्ट सर्वांनीं मिळून ठरविण्याची आमच्या घरची रीति. तेथें त्याच्या नियमाचें कोण ऐकतो? पाटावर प्रती मांडतांक्षणींच मंडळींनीं गराडा घातला. बंधूंस चार नंबरची आवडली, कारण तींत आई 'भारदस्त' दिसते. भगिनींस नऊ नंबरची, कारण तींत ती 'आपल्या आजोळच्यांसारखी' दिसते. आमच्या सौभाग्यवतींचें मत सहाकडे. तींत पैठणीचा कांठ स्वच्छ आला होता. नातीनें दोन नंबर उचलला. तासभर वाद झाला. अकरावी प्रत पाटाच्या कडेस पडली होती. तिच्याकडे कोणी पाहिलेंही नाहीं. तींत मातोश्रींच्या डोळ्यांस चष्मा होता आणि डाव्या कांचेवर दिव्याची तिरीप पडून तो डोळा पांढऱ्या ठिपक्यांत बुडाला होता. बाकी दहांत, ही तिरीप येऊं नये म्हणूनच, चष्मा काढून ठेविला होता.

"मला कोणी विचाराल का?" मातोश्री म्हणाल्या.

सगळे गप्प झाले. त्यांनीं प्रती एकेक हातांत घेऊन पाहिल्या. दहा खालीं ठेवल्या आणि अकरावी ठेवून घेतली.

"आई, हिच्यांत तुझा डोळाच दिसत नाहीं," बंधु म्हणाले.

"न दिसेना. बाकीच्या दहांत मीच दिसत नाहीं. चष्मा काढून मला तुम्हीं कधीं पाहिलें आहे? झोपेंत पाहिलें असेल. आणि हार मलाच घालणार आहांत ना? मग फोटोही मीच निवडणार."

हार हा शब्द त्या घरांत त्या दिवसापर्यंत कोणी उच्चारला नव्हता. आमच्या भगिनी उठून स्वयंपाकघरांत गेल्या. बंधु कालनिर्णयाकडे पाहत राहिले. विद्यार्थी मात्र धंदेवाईकपणानें शांत होता, तो म्हणाला, "आजी, हाच चष्मा घालून पुन्हां एकदां बसाल का? दिवा जरा उंच धरतों, काड्या कानावर किंचित् उचलून चष्मा पुढें झुकवितों. तिरीप जाते." दुसरी एक युक्तिही त्यानें सांगितली: कांचा काढलेली नुसती चौकट घालून बसावयाचें, पुष्कळ लोक तसें करतात. मातोश्रींस ती मुळींच पटली नाहीं. "बिनकांचांचा चष्मा म्हणजे सोंग. तें नाटकांत." दुसऱ्या दिवशीं सकाळीं, कानावर काड्या बोटभर उचलून, फोटो पुन्हां निघाला. त्या वेळीं पाहुणे मंडळी आपापल्या गांवीं गेली होती, आणि प्रत त्यांना एकट्यांनाच दाखविण्यांत आली.

आपला चेहरा आपणांस फोटोंत परका कां वाटतो, याचा एक प्रयोग अमेरिकेंत १९७७ सालीं झाला आहे. मिटा, डर्मर आणि नाइट या तिघांनीं कांहीं विद्यार्थिनींचे फोटो घेतले आणि प्रत्येकीच्या दोन प्रती केल्या: एक सरळ, दुसरी उजवी-डावी बाजू उलटवलेली, म्हणजे आरशांत दिसते तशी. ज्यांचे फोटो त्यांचा कल उलट्या प्रतीकडे, आणि त्यांच्या मैत्रिणींचा सरळ प्रतीकडे. ज्याला जें पाहण्याची संवय, तें त्यास रुचतें. आपण स्वतःस आरशांत पाहत आलों. लोक आपणांस समोरून पाहत आले. एकाच माणसाचे हे दोन चेहरे, आणि प्रूफाच्या टेबलावर ते समोरासमोर येतात. नवरा म्हणतो, "अग, अगदीं तूच!" आणि बायको रुसते. आमच्या विद्यार्थ्यास हा प्रयोग सांगितला तेव्हां तो म्हणाला, "सर, म्हणूनच मी दुकानांतला आरसा प्रती दाखवावयाच्या टेबलापासून दूर लावला." त्यानें तो केव्हांच लावला होता, प्रयोग त्याच्या कानीं आला तो आतां.

प्रती किती दाखवाव्या, हा त्याच्या धंद्यांतला दुसरा कूटप्रश्न. पूर्वीं काच आणि फिल्म महाग. तीन काढावे, तिन्ही दाखवावे. आतां यंत्र एका बैठकींत दोनशें काढतें. दोनशें दाखविले तर गिऱ्हाईक खुलतें, तासभर बसतें, आणि "घरीं विचारून सांगतों" म्हणून जातें तें जातेंच. २००० सालीं प्रसिद्ध झालेला, मुरंब्यांचा एक अमेरिकन प्रयोग या संबंधांत पुष्कळ सांगितला जातो. दुकानांत एकदां चोवीस जातींचे मुरंबे चाखावयास मांडले, एकदां सहा जातींचे. चोवीसांपाशीं गर्दी अधिक झाली. परंतु तेथें थांबलेल्यांपैकीं शेंकडा तिघांनींच माल घेतला, आणि सहांपाशीं थांबलेल्यांपैकीं शेंकडा तिसांनीं. पुढील संशोधकांस हाच निष्कर्ष सर्वत्र आढळला नाहीं, तेव्हां त्यास वेदवाक्य मानण्याचें कारण नाहीं. आमचा विद्यार्थी बारांच्या वर जात नाहीं. टाकावयाच्या एकशें अठ्ठ्याऐंशींची निवड तो रात्रीं दुकान बंद करून एकटा करतो. आम्हांस वाटतें, त्याची खरी विद्या त्या तासांत आहे, आणि तिचे पैसे त्यास कोणीच देत नाहीं.

पैशांचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतों. सूर्यनारायणाची वसुली आतां राहिली नाहीं. हल्लींची कच्ची प्रत काळी पडत नाहीं. गिऱ्हाईक ती टेबलावर ठेवतें, खिशांतून मोबाइल काढतें, प्रतीचाच फोटो घेतें आणि हंसून निघून जातें. संध्याकाळीं तोच सर्व आप्तेष्टांस पोंचलेला असतो. यावर उपाय म्हणून धंद्यांतले लोक प्रतीवर आडवें दुकानाचें नांव छापतात. नववधूच्या कपाळावर दुकानाचें नांव! ही युक्ति आम्हांस असभ्य वाटते, पण ती करावयास भाग पाडणारे अधिक असभ्य आहेत. एका सुशिक्षित गृहस्थांनीं बाकावर आमच्याच शेजारीं बसून असा फोटो घेतला. आम्हीं भिवया उंचावल्या तेव्हां ते आम्हांस कायदा शिकवूं लागले: "फोटो माझा, चेहरा माझा, हक्कही माझाच." कायद्याचा अर्धा भाग त्यांस ठाऊक होता. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या सतराव्या कलमान्वयें, मोबदला देऊन आपल्या सांगण्यावरून काढविलेल्या फोटोचा प्रथम स्वामी, उलट करार नसेल तर, तो काढविणाराच होय. परंतु त्या वाक्याच्या आरंभींच 'मोबदला' हा शब्द आहे, आणि गृहस्थांनीं तो गाळून वाचला होता. वर्गांत आम्ही अशा वाचनास शून्य गुण देत असूं.

१९६० सालच्या त्या कंपनीचे रसायनीचे बहुतेक विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारनें २०१७ सालीं घेतला. वसाहतींतलीं कुटुंबें हळूहळू उठून गेलीं. कोणी केरळास, कोणी बंगालकडे, पुष्कळशीं पनवेल-कल्याणकडे. निवृत्तीच्या वेळचा फोटो, मुलीच्या लग्नापूर्वींचा फोटो, बारशाचा फोटो, हें सर्व त्यांनीं याच दुकानांत काढविलेलें. पक्क्या प्रती ते घेऊन गेले. नापसंत केलेल्या कच्च्या प्रती दुकानांत राहिल्या. चुलत्याची संवय अशी कीं, नाकारलेली प्रतही फाडावयाची नाहीं. पाठीवर नांव व तारीख घालून पत्र्याच्या पेटींत टाकावयाची. पुतण्यानें ती संवय मोडली नाहीं. अशा सात पेट्या माळ्यावर आहेत.

गेल्या श्रावणांत एक तिशीचा तरुण दुकानांत आला. वडील येथें नोकरीस होते, ते वारले. निवृत्तीच्या वेळीं काढलेला फोटो घरीं होता तो पुराच्या पाण्यांत गेला. एखादी प्रत मिळेल काय? दुकानदार शिडी लावून माळ्यावर चढला. आम्ही बाकावर होतों. तिसऱ्या पेटींत पाकीट सांपडलें. आंत आठ प्रती होत्या. एकींत गृहस्थ शिंकण्याच्या बेतांत होते, दुसरींत त्यांची गळपट्टी वांकडी, तिसरींत ते कॅमेऱ्याच्या बाजूस कोणाकडे तरी पाहून हंसत होते. तरुण ती तिसरी प्रत बराच वेळ उजेडाकडे धरून पाहत राहिला. मग म्हणाला, "मी होतों तिथं. मी मागें उभा राहून वेडावून दाखवीत होतों. आई रागावली होती, म्हणून हा घेतला नाहीं."

त्यानें आठही प्रती मागितल्या. आमच्या विद्यार्थ्यानें त्या नव्या पाकिटांत घातल्या आणि आठांचेही पैसे घेतले. आम्हांस तें पाहून बरें वाटलें.